हृदय थांबल्यावर कपाळ काय सांगतं?

करोनाच्या काळात घराघरांत पोचलेलं बोटाचं ऑक्सिमीटर हृदय बंद पडलं की कामातून जातं. त्याची सगळी भिस्त नाडीवर. ठोक्यासरशी बोटात येणारी रक्ताची लाट ते पकडतं. ठोकाच नसेल तर पकडणार काय? आणि मेंदूला प्राणवायू मिळतोय का, हे डॉक्टरांना नेमकं तेव्हाच हवं असतं. मेंदूचं वजन शरीराच्या जेमतेम 2 टक्के, पण तो एकटा सुमारे 20 टक्के प्राणवायू फस्त करतो आणि स्वतःजवळ साठा मात्र जवळजवळ काही ठेवत नाही. रक्त थांबल्यावर काही सेकंदांत शुद्ध हरपते. चार-पाच मिनिटांत पेशींना इजा व्हायला लागते.

सीपीआर देणारा मिनिटाला 100 ते 120 वेळा छाती दाबतो. तरी पुढे सरकणारं रक्त नेहमीच्या फार तर एक तृतीयांश. त्यातलं डोक्यापर्यंत किती गेलं, हे त्याला दिसत नाही.

लहानपणी तळहाताखाली टॉर्च लावून बोटं लालभडक झालेली आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. लालच्या पलीकडचा, डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश त्याहून खोल जातो, कवटीचं हाडही ओलांडतो. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठातले फ्रान्स योब्सिस यांनी 1977 मध्ये हे दाखवून दिलं. प्राणवायू घेतलेलं हिमोग्लोबिन आणि रिकामं हिमोग्लोबिन हा प्रकाश वेगवेगळ्या प्रमाणात शोषतात. कपाळावर चिकटवलेली पट्टी परत आलेल्या उजेडावरून प्राणवायू घेतलेल्या हिमोग्लोबिनची टक्केवारी काढते. तिला नाडी लागत नाही. निरोगी माणसात आकडा साधारण 60 ते 80 येतो. बोटाच्या 98ची सवय असलेल्याला तो कमी वाटेल, पण इथे मोजलं जाणारं रक्त बहुतांशी शिरांमधलं, म्हणजे मेंदूने आपला वाटा काढून घेतल्यानंतरचं असतं.

संशोधक सॅम पार्निया आणि सहकाऱ्यांनी 2016 मध्ये अमेरिका व ब्रिटनमधल्या रुग्णालयांत हृदय थांबलेल्या 183 जणांची नोंद प्रसिद्ध केली. मेंदू शाबूत ठेवून वाचलेल्यांची सीपीआरदरम्यानची सरासरी सुमारे 56 टक्के होती. बाकीच्यांची 44च्या आसपास. दोन्ही गटांचे आकडे एकमेकांत बरेच मिसळलेले होते, हे मात्र विसरून चालत नाही. म्हणून माझ्या मते एका आकड्यापेक्षा तो चढतोय की उतरतोय, हे जास्त बोलकं. चढत नसेल तर छाती दाबणारा थकला असेल, माणूस बदला.

या यंत्रावर फार विसंबू नये, याचा विलक्षण दाखला ऑस्ट्रियातला आहे. 1996 साली तिथल्या संशोधकांनी ही पट्टी मृतदेहांच्या कपाळाला लावली. काहींचे आकडे चक्क जिवंत, निरोगी माणसांइतके! कारण साधं आहे: मेलेला मेंदू प्राणवायू वापरत नाही, मग प्राणवायू रक्तातच पडून राहतो. शिवाय पट्टीला दिसतो तो कपाळामागचा थोडासा भाग; मेंदूच्या तळाशी, जिथून श्वास चालतो, तिथे ती पोचतच नाही.

त्यामुळे हृदय पुन्हा सुरू झालं आणि रुग्ण बेशुद्धच राहिला, तर या आकड्यावरून नातेवाइकांना निकाल सांगत नाहीत. युरोपातली मार्गदर्शक तत्त्वं किमान 72 तास थांबायला सांगतात. मग बुबुळांची प्रतिक्रिया, ईईजी (मेंदूतल्या विद्युत लहरींची नोंद), रक्ततपासणी, स्कॅन असं सगळं एकत्र मांडून पाहायचं, आणि तरीही चित्र धूसर असेल तर आणखी थांबायचं.