आधी अँटेना, मग बूस्टर

अँटेनावर फुकट दिसणारं टीव्हीचं चित्र अडखळू लागलं, की बहुतेकांना पहिल्यांदा आठवतो तो बूस्टर. सिग्नल कमी पडतोय ना, मग तो वाढवणारी डबी मध्ये जोडायची. समजूत इतकी सरळ आहे, की तिच्यावर शंकाच येत नाही. तरीही डबी जोडल्यावर अनेकदा चित्र होतं तसंच राहतं, आणि कधीकधी तर होतं तेही जातं. टीव्हीपर्यंत सिग्नल किती मोठा पोचला याला एकट्याला फारसा अर्थ नाही. तो गोंगाटाच्या किती वर आहे, यावर सगळं ठरतं.

हा गोंगाट येतो कुठून? थोडा घरातल्या उपकरणांतून येतो, पण त्याची किमान पातळी निसर्गानेच ठरवून दिली आहे. कुठल्याही तारेतले इलेक्ट्रॉन उष्णतेमुळे सतत इकडेतिकडे धावत असतात आणि त्यातून विजेची बारीक थरथर तयार होते. अमेरिकेतल्या बेल लॅबोरेटरीजमध्ये जॉन जॉन्सन यांनी ती मोजली, हॅरी नायक्विस्ट यांनी तिचं गणित बसवलं, आणि दोघांचे लेख १९२८ साली छापून आले. टीव्हीचं एक चॅनेल देशानुसार ६ ते ८ मेगाहर्ट्झ रुंदीचा पट्टा व्यापतं. खोलीच्या तापमानाला ८ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात या थरथरीची शक्ती किती? एका वॅटचे शंभर लाख कोटी भाग केले, तर त्यातले सुमारे तीन. त्यात ट्यूनर, म्हणजे टीव्हीतला चॅनेल निवडणारा भाग, आपल्या पदरचा गोंगाट मिसळतो. या सगळ्याच्या वर सिग्नल पुरेसा उठून दिसायला हवा. डेसिबल हे अशी पट मोजायचं एकक. अमेरिकेत रुळलेल्या एटीएससी या डिजिटल प्रक्षेपणाच्या पद्धतीत हे अंतर किमान १५ डेसिबलच्या आसपास लागतं, म्हणजे सिग्नल गोंगाटाच्या तीसेक पट हवा. युरोपातून पसरलेल्या डीव्हीबी-टी पद्धतीत ते प्रक्षेपणाच्या प्रकारानुसार कमीजास्त होतं.

बूस्टरची गोची इथे कळते. गजबजलेल्या हॉलमध्ये रेकॉर्ड केलेलं भाषण आवाज वाढवून ऐकलं, तर वक्ता मोठ्याने बोलतो आणि गर्दीही तितक्याच मोठ्याने बोलते. बूस्टर जे समोर येईल ते वाढवतो, वर स्वतःचा थोडा गोंगाट घालतो. सिग्नल आणि गोंगाट यांचं जे गुणोत्तर आत आलं, त्याहून चांगलं गुणोत्तर त्याच्यातून कधीच बाहेर पडत नाही.

जुन्या अॅनलॉग टीव्हीचा एक गुण होता. सिग्नल ढासळायला लागला की पडद्यावर मुंग्या यायच्या, त्या हळूहळू वाढायच्या आणि माणूस गच्चीवर जाऊन अँटेना फिरवायचा. डिजिटल प्रक्षेपणात ही पूर्वसूचना मिळत नाही. पाठवलेल्या माहितीत चुका दुरुस्त करणारी जादा माहिती गुंफलेली असते. ती सावरते तोवर चित्र निर्दोष असतं. तिची ताकद संपली, की एकदोन डेसिबलच्या फरकाने चौकोन फुटायला लागतात आणि पुढे पडदा काळा होतो. तंत्रज्ञ याला डिजिटल कडा म्हणतात. वाईट भाग हा, की आपण कड्यापासून दूर उभे आहोत की अगदी टोकावर, हे सुंदर चित्राकडे बघून सांगताच येत नाही.

म्हणून अँटेना लावताना चित्राकडे बघूच नये. टीव्हीच्या किंवा सेट-टॉप बॉक्सच्या मेनूत सिग्नलचे दोन पट्टे असतात, एक स्ट्रेंग्थचा आणि एक क्वालिटीचा. बहुतेकांचं लक्ष पहिल्यावर जातं, पण कामाचा आहे दुसरा. स्ट्रेंग्थ भरलेली आणि क्वालिटी शून्याला टेकलेली, असं सहज होऊ शकतं. सिग्नलबरोबर गोंगाट, परावर्तनं, परक्या लहरी असं सगळं मिळून स्ट्रेंग्थ फुगते, आणि त्यातलं खरोखर वाचता येण्याजोगं किती हे क्वालिटी सांगते. शिवाय चित्र दिसायला लागलं की थांबायचं नाही. हवा, पाऊस, झाडांची ओली पानं यांमुळे सिग्नल रोज वरखाली होतो. त्यासाठी शिल्लक ठेवावी लागते.

आता उंचीबद्दल. टीव्हीच्या लहरी जवळपास सरळ रेषेत जातात, वातावरणामुळे किंचित खाली वाकतात, आणि पृथ्वीचा फुगवटा आड आला की क्षीण होतात. प्रक्षेपण करणाऱ्या मनोऱ्याची आणि आपल्या अँटेनाची उंची मीटरमध्ये घ्यायची, दोन्हींची वर्गमुळं काढायची, त्यांची बेरीज ४.१ने गुणायची, की हे रेडिओ क्षितिज किलोमीटरमध्ये मिळतं. मनोरा १५० मीटर आणि अँटेना १० मीटर उंच असेल, तर सुमारे ६३ किलोमीटर. गंमत म्हणजे तोच अँटेना अडीच मीटरवर असता, तरी उत्तर ५७ आलं असतं. अँटेना चौपट उंच नेऊन क्षितिज जेमतेम सहा किलोमीटर सरकलं! मग सगळे उंचीचा एवढा आग्रह का धरतात?

कारण सिग्नल दोन टोकांमधल्या बारीक रेषेवरून येत नाही. त्या रेषेभोवतीची मधे फुगीर, टोकांना निमुळती अशी जागा मोकळी असावी लागते. प्रकाशाच्या तरंगांवर काम करणारे फ्रेंच शास्त्रज्ञ ऑगस्तँ फ्रेनेल यांच्यावरून तिला फ्रेनेल क्षेत्र म्हणतात. ४० किलोमीटर अंतर आणि ६०० मेगाहर्ट्झ वारंवारता धरली, तर अगदी मध्यावर या क्षेत्राची त्रिज्या ७० मीटर भरते. मधलं आपल्या हातात नाही. पण अँटेनापासून १०० मीटरवर ती सुमारे ७ मीटर असते, आणि तिथली इमारत किंवा झाड त्यात घुसत असेल तर नुकसान होतं, जरी डोळ्यांना मनोऱ्याचा लाल दिवा त्यावरून दिसत असला तरी. चार मीटर उंचीचा खांब कामी येतो तो इथे. घराच्या आत तर पहिली गळती भिंतींतच होते. सळयांचं काँक्रीट, पत्रे, आणि उष्णता रोखण्यासाठी धातूचा पातळ थर दिलेली काच, यांतली ही काच सर्वांत फसवी. ती पारदर्शक असते म्हणून अँटेना हौसेने तिच्यामागे ठेवला जातो, आणि ती काही वेळा सिग्नलचा शंभरातला एखादाच भाग आत सोडते.

खोलीत अँटेना ठेवणाऱ्यांना एक अनुभव हमखास येतो. हातात धरला की चित्र येतं, टेबलावर ठेवला की जातं. यात जादू नाही. ६०० मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी अर्धा मीटर असते. सरळ आलेली लहर आणि भिंतीवरून उलटून आलेली लहर जिथे सुरात भेटतात तिथे सिग्नल वाढतो, आणि जिथे अर्ध्या तरंगलांबीचा फरक पडतो तिथे त्या एकमेकींना खोडतात. त्यामुळे खोलीभर जोराचे आणि मंद असे ठिपके तयार होतात. दोन्हींमधलं अंतर कधी हातभर असतं, कधी वीतभर. तेव्हा एका कोपऱ्यात अँटेना गोल फिरवत बसण्यापेक्षा तो वीत-वीत सरकवून बघावा, वरखालीसुद्धा. चॅनेल बदललं की तरंगलांबी बदलते आणि ठिपकेही सरकतात. सगळ्या चॅनेलना एकच जागा मानवेल याची खात्री नसते ती त्यामुळे.

उलटून आलेल्या लहरींचा आणखी एक उपद्रव होता. त्या उशिरा पोचत, म्हणून अॅनलॉग चित्रात प्रत्येक माणसाशेजारी त्याची फिकट सावली दिसे. डीव्हीबी-टीने यावर सुरेख तोड काढली. माहिती एका वेगवान प्रवाहात न पाठवता हजारो संथ प्रवाहांत वाटायची. एका प्रकारात ते ६,८१७ असतात. माहितीचं प्रत्येक चिन्ह, म्हणजे एका वेळी पाठवलेला तुकडा, सावकाश येतं आणि त्याच्याआधी थोडा वेळ राखून ठेवलेला असतो. ८ मेगाहर्ट्झच्या चॅनेलमध्ये हा राखीव वेळ २२४ मायक्रोसेकंदांपर्यंत ठेवता येतो. तेवढ्या वेळात लहर ६७ किलोमीटर जाते. म्हणजे इतका वळसा घालून आलेलं परावर्तनही गोंधळ घालू शकत नाही. सुरुवातीच्या एटीएससीत एकच प्रवाह होता आणि तिचे पहिले संच परावर्तनांपुढे हैराण होत. त्याच पद्धतीच्या ३.० आवृत्तीने शेवटी अनेक प्रवाहांचीच वाट धरली.

एवढं झालं तरी चांगला अँटेना तो चांगलाच. छपरांवर दिसणारा, आडव्या दांड्यांचा सांगाडा जपानमधल्या सेंदाई शहरातल्या तोहोकू विद्यापीठात जन्मला. शिन्तारो उदा आणि हिदेत्सुगु यागी यांनी तो १९२६ साली मांडला. प्रयोगांचा मोठा भार उदांनी उचलला होता, पण यागींचा इंग्रजी लेख जगाने वाचला आणि लोकांच्या तोंडी एकट्या यागींचं नाव बसलं. मला हे कायम खटकतं. या सांगाड्यात केबलला जोडलेली दांडी एकच असते. तिच्यामागे थोडी लांब आणि पुढे थोड्या आखूड दांड्या असतात, त्या कशालाच जोडलेल्या नसतात. येणाऱ्या लहरीमुळे त्यांत प्रवाह खेळतो, त्या स्वतः लहरी सोडतात, आणि लांबी-अंतर नेमकं असलं की समोरून आलेलं सगळं जोडलेल्या दांडीवर एकवटतं, मागून आलेलं खोडलं जातं. लांबलचक यागी-उदा साध्या दांडीच्या दहापट शक्ती गोळा करू शकतो. त्याला वीज लागत नाही, तो गोंगाट मिसळत नाही, आणि बाजूची परावर्तनं परस्पर नाकारतो. बूस्टरला हे कधीच जमणार नाही.

त्याच्या नाकारण्याचा वापर करून घेता येतो. एखाद्या बाजूने त्रासदायक लहर येत असेल, तर अँटेना मनोऱ्याच्या अगदी नाकासमोर न धरता थोडा कलता ठेवायचा, की ती लहर त्याच्या बहिऱ्या दिशेत पडते. सिग्नल जरा कमी होतो, क्वालिटी मात्र वाढते.

दांडीची लांबी वारंवारतेवर ठरते, खोक्यावरच्या जाहिरातीवर नाही. एचडी किंवा ४के असं छापलेलं असलं तरी येणारी लहर पडद्यावर किती ठिपके उमटवणार आहे, हे अँटेनाला कळत नसतं. ६०० मेगाहर्ट्झला सुमारे २४ सेंटीमीटरची दांडी पुरते, २०० मेगाहर्ट्झला सत्तरेक सेंटीमीटर, आणि ६० मेगाहर्ट्झला जवळपास अडीच मीटर. कागदासारखे चपटे अँटेना यूएचएफ या वरच्या वारंवारतांच्या पट्ट्यात बरे चालतात आणि व्हीएचएफ या खालच्या पट्ट्यातली चॅनेल सोडून देतात, ते या हिशेबाने. दांड्या आडव्या ठेवायच्या की उभ्या, हे मनोऱ्यावरून लहर कशी सोडली जाते यावर अवलंबून आहे. लहरीच्या या आडव्या-उभ्या दिशेला ध्रुवण म्हणतात. चुकीच्या ध्रुवणात सिग्नल शंभर पटींनी पडू शकतो. आजूबाजूच्या छपरांवर नजर टाकली की उत्तर मिळतं.

केबलबद्दल थोडक्यात: ७५ ओहमची, आरजी-६ जातीची, शक्य तितकी आखूड, आणि बाहेरच्या जोडांत पाणी न शिरेल अशी. खांबाला अर्थिंग द्यावं आणि विजेच्या तारांपासून लांब राहावं, हे तर आधीच पाहायचं.

मग बूस्टरचा उपयोग नाहीच का? आहे, पण जागा चुकते. आरजी-६ केबल ३० मीटरमध्ये यूएचएफचा सिग्नल ५-६ डेसिबलने खाते, आणि चार टीव्हींसाठी लावलेला, सिग्नल वाटून देणारा स्प्लिटर आणखी सातेक डेसिबल घेतो. हरल्ड फ्रीस यांनी १९४४ साली दाखवलं, की साखळीतल्या पहिल्या टप्प्याचा गोंगाट सर्वांत महाग पडतो. पहिला टप्पा पुरेसं वाढवत असेल, तर पुढच्यांचा गोंगाट जवळजवळ पुसला जातो. म्हणून कमी गोंगाटाचा अॅम्प्लिफायर अँटेनाच्या बुडाशी, खांबावरच हवा. त्याला लागणारी वीज त्याच केबलमधून वर पाठवता येते. पुढे केबलमध्ये होणारी हानी तो भरून काढतो. तोच टीव्हीमागे लावला, तर केबलमध्ये गोंगाटाजवळ येऊन पोचलेला सिग्नल गोंगाटासकट मोठा होतो.

मनोरा जवळ असेल तर उलटीच तऱ्हा. अॅम्प्लिफायर किंवा ट्यूनर जास्त सिग्नलने गुदमरतो आणि आतल्या आत खोटे सिग्नल तयार करतो. अशा घरात सिग्नल कमी करणारा अॅटेन्युएटर लावून चित्र सुधारतं, आणि बघणाऱ्याचा विश्वास बसत नाही. दुसरा शेजारी मोबाईलचा. अनेक देशांत टीव्हीच्या पट्ट्याचा वरचा भाग, ७०० आणि ८०० मेगाहर्ट्झच्या आसपासचा, मोबाईल सेवांना दिला गेला. जुने रुंद पट्ट्याचे अॅम्प्लिफायर तो भागही इमानाने वाढवतात. त्यासाठी फिल्टर मिळतो, पण तो अॅम्प्लिफायरच्या आधी बसवायचा. नंतर बसवून उपयोग शून्य. घरातला स्वस्त एलईडी दिवा किंवा चार्जर कुरापत काढत असेल, तर एकेक उपकरण बंद करत क्वालिटीचा पट्टा बघितला की चोर सापडतो.

एक बिघाड मात्र कुठल्याही सामानाने सुधारत नाही. शांत, निरभ्र रात्री जमिनीलगतची हवा थंड होते आणि तिच्यावर उबदार हवेचा थर बसतो. या दोन थरांत लहरी अडकून शेकडो किलोमीटर जातात, आणि दूरच्या गावाचा मनोरा आपल्याच वारंवारतेवर येऊन बसतो. काल उत्तम चालणारं चॅनेल फुटायला लागतं. अशा वेळी अँटेना हलवू नये, आणि चॅनेल पुन्हा शोधण्याचं बटण तर मुळीच दाबू नये, कारण काही संच जुनी यादी पुसून त्या वेळी सापडेल तेवढीच ठेवतात. ऊन तापून हवा ढवळली, की सकाळी चॅनेल आपोआप जागेवर येतं.