वॉर्साचा 'संगमरवर': जिप्सम, सरस आणि घोटाई

1764 मध्ये स्तानिस्वाव आउगुस्त पोन्यातोव्स्की पोलंडच्या गादीवर आला, तेव्हा त्याला वॉर्सात रोम हवं होतं. अडचण साधी होती: वॉर्सा नदीकाठच्या सपाट मैदानात वसलेलं, संगमरवराची खाण जवळपास नाही. त्यामुळे पोलिश नवअभिजात शैली, म्हणजे प्राचीन ग्रीक-रोमन वास्तूंच्या धर्तीवरची बांधणी, मुख्यतः विटेची आहे. स्तंभसुद्धा विटेचे, वरून चुन्याचा गिलावा. वीट-गिलाव्याच्या अशा कामाला तिथली थंडी मानवत नाही. भेगेत शिरलेलं पाणी गोठताना सुमारे 9 टक्के फुगतं आणि गिलाव्याचे पापुद्रे सुटतात. म्हणून कॉर्निसच्या, म्हणजे भिंतीच्या वरच्या पुढे आलेल्या कंगोऱ्याच्या, माथ्यावर उताराचा पत्रा हवाच.

आत पावसाची भीती नाही, तिथे खरी कारागिरी दिसते. डोमेनिको मर्लिनी आणि काम्झेत्सर या वास्तुशिल्पींनी वॉर्साच्या राजवाड्याचा नृत्यकक्ष 1781 पर्यंत पुरा केला. त्यातले सोनेरी-पिवळे स्तंभ दगडाचे वाटतात, पण ते स्टुको, म्हणजे जिप्समचा नकली संगमरवर, आहेत. भाजलेल्या जिप्समची बारीक पूड सरसाच्या (प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासून केलेल्या डिंकाच्या) कोमट पाण्यात रंग घालून कणकेसारखी मळायची. वेगवेगळ्या छटांचे गोळे गडद पातळ लगद्यात बुडवून एकत्र दाबायचे, म्हणजे दगडाच्या शिरा तयार होतात. मग चकत्या कापून ओल्या, खरबरीत पृष्ठावर थापायच्या. सुकल्यावर दगडाने घासायचं, उघडी पडलेली छिद्रं जिप्सम-सरसाच्या लगद्याने बुजवायची आणि पुन्हा घासायचं. दर फेरीला दगड आधीपेक्षा बारीक. शेवटी मेण. सगळा वेळ या घोटाईतच जातो.

सरसाचं प्रमाण चुकलं की काम गेलंच. सरस जिप्समचं घट्ट होणं लांबवतो. कमी पडला तर आकार देण्याआधीच गोळा दगड होतो, जास्त झाला तर सुकताना आकसून भेगा पडतात. भिंतीतून ओल चढली तर जिप्सम थोडं थोडं विरघळतं आणि चकाकी मरते. ओळखायचं असेल तर हात लावावा: खरा संगमरवर जास्त गार लागतो.

याला स्वस्तातली नक्कल म्हणणं मात्र अन्याय आहे. हवी ती छटा खाण देत नाही, मळणारा देतो.

वॉर्साच्या वाझ्येन्की उद्यानातला तळ्यातला महाल हे या काळाचं सर्वांत देखणं काम. मुळात ते टिल्मन व्हान गामेरेन या डच वास्तुशिल्पीने सतराव्या शतकात बांधलेलं स्नानगृह. मर्लिनीने त्याभोवती महाल वाढवला, पण एका दालनात जुन्या डच फरशा तशाच राहिल्या. 1795 मध्ये शेजारी सत्तांनी पोलंड वाटून घेतला आणि राज्यच नकाशावरून पुसलं गेलं. पुढे कोराझ्झी या इटालियन वास्तुशिल्पीने रशियन अंमलाखालच्या वॉर्सात भव्य सार्वजनिक इमारती उभ्या केल्या. 1833 मध्ये उघडलेलं मोठं नाट्यगृह त्यातलंच.

सप्टेंबर 1939 मध्ये राजवाडा जळाला, 1944 मध्ये जर्मनांनी तो सुरुंगाने उडवला. त्याआधी लोकांनी जिवावर उदार होऊन सजावटीचे तुकडे बाहेर काढले होते. 1971 ते 1984 च्या पुनर्बांधणीत तेच तुकडे नमुने म्हणून कारागिरांच्या कामी आले.