परमवीर चक्र आणि अशोक चक्र: शौर्य सारखेच, समोरचा वेगळा

शिरोळ तालुक्यातल्या सैनिक टाकळीत घरटी एक तरी माणूस फौजेत आहे किंवा होता, असे कोल्हापुरात अभिमानाने सांगितले जाते. चंदगड-गडहिंग्लजकडची मुलेही पिढ्यान्‌पिढ्या बेळगावच्या मराठा लाइट इन्फंट्री केंद्राची वाट धरत आली आहेत. अशा फौजी जिल्ह्यातसुद्धा सत्काराच्या भाषणांत परमवीर चक्र आणि अशोक चक्र ही नावे सर्रास एकमेकांच्या जागी येतात. त्याहून खोल रुजलेला गैरसमज असा की, परमवीर चक्र ज्याचे थोडक्यात हुकते त्याला अशोक चक्र देतात. असे समजणे अशोक चक्र मिळवणाऱ्यावर अन्याय करणारे आहे, कारण या दोन सन्मानांमधली रेषा शौर्याच्या मापावर आखलेलीच नाही.

परमवीर चक्राची स्थापना 26 जानेवारी 1950 रोजी झाली आणि ते 15 ऑगस्ट 1947 पासूनच्या कामगिरीला लागू करण्यात आले. शत्रूच्या समोर, मग ते जमिनीवर असो, समुद्रात असो की आकाशात, दाखवलेल्या असामान्य शौर्यासाठी किंवा आत्मबलिदानासाठी ते दिले जाते. अशोक चक्र 1952 मध्ये तीन वर्गांत सुरू झाले आणि 1967 मध्ये त्या वर्गांना अशोक चक्र, कीर्ती चक्र आणि शौर्य चक्र ही आजची नावे मिळाली. शत्रू समोर नसताना केलेल्या तशाच असामान्य कृत्यासाठी हा सन्मान असतो, आणि तो सैनिकाबरोबर पोलिसाला व सामान्य नागरिकालाही मिळू शकतो. म्हणजे या दोन स्वतंत्र उतरंडी आहेत. परमवीर चक्राच्या खालची पायरी महावीर चक्राची आहे, तर अशोक चक्र आपल्या उतरंडीत सर्वांत वर आहे. पदके छातीवर लावण्याच्या क्रमात परमवीर चक्र अशोक चक्राच्या आधी येते, एवढे मात्र खरे. ओळखायला दोन्ही सोपी आहेत: परमवीर चक्र कांस्याचे असून त्यावर इंद्राच्या वज्राच्या चार प्रतिकृती असतात आणि त्याची फीत जांभळी असते, अशोक चक्र सोन्याचा मुलामा दिलेले असते आणि त्याच्या हिरव्या फितीच्या मधोमध केशरी रेघ असते. परमवीर चक्राचे रेखाटन करणाऱ्या सावित्रीबाई खानोलकर मूळच्या युरोपातल्या, पण एका मराठी लष्करी अधिकाऱ्याशी विवाह करून त्या इथल्याच झाल्या.

इथवर सगळे सरळ आहे. गुंता सुरू होतो तो शत्रू कोणाला म्हणायचे या प्रश्नापाशी. जाहीर युद्ध असेल तरच परमवीर चक्र, असा नियम असता तर कॅप्टन गुरबचन सिंग सलारिया यांना ते मिळाले नसते, कारण 5 डिसेंबर 1961 रोजी ते काँगोत संयुक्त राष्ट्रांच्या सेनेतून, त्या देशापासून फुटू पाहणाऱ्या कटांगा प्रांताच्या बंडखोरांशी लढताना पडले. बाणा सिंग यांनी 1987 च्या जूनमध्ये सियाचीनवरचे पाकिस्तानी ठाणे जिंकले तेव्हाही युद्ध पुकारलेले नव्हते. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये मेजर रामस्वामी परमेश्वरन श्रीलंकेत एलटीटीई या सशस्त्र तमिळ संघटनेशी लढताना धारातीर्थी पडले. समोर कोणत्याही देशाचे सैन्य नसूनही त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र देण्यात आले. 2020 मध्ये गलवानच्या झटापटीत प्राण देणाऱ्या कर्नल संतोष बाबू यांना दिलेले महावीर चक्रही याच उतरंडीतले आहे.

आता दुसरी बाजू पाहावी. 16 मराठा लाइट इन्फंट्रीचे कर्नल एन. जे. नायर 1993 च्या डिसेंबरमध्ये नागालँडमध्ये बंडखोरांच्या हल्ल्याला तोंड देताना पडले आणि त्यांना अशोक चक्र मिळाले. कीर्ती चक्र त्यांच्याकडे आधीच होते. 15 मराठा लाइट इन्फंट्रीबरोबर असलेले लेफ्टनंट नवदीप सिंग 2011 च्या ऑगस्टमध्ये काश्मीरच्या गुरेझ भागात घुसखोरांशी लढताना पडले, त्यांनाही अशोक चक्रच मिळाले. गोळ्या तशाच होत्या आणि मरणही तसेच होते. नागालँडच्या बाबतीत ही विभागणी मला पटते, कारण आपल्याच नागरिकांवर राज्यसंस्थेने शत्रू हा शिक्का मारू नये यात शहाणपण आहे. गुरेझच्या बाबतीत तेवढी पटत नाही: श्रीलंकेच्या जाफन्यातला एलटीटीईचा बंदूकधारी शत्रू ठरतो आणि सीमा ओलांडून आलेला शस्त्रसज्ज घुसखोर ठरत नाही, याचे कारण राजकारणात शोधावे लागते, रणांगणात नाही. गिरगाव चौपाटीवर हातात लाठी असताना कसाबच्या बंदुकीची नळी पकडून ठेवणारे सातारा जिल्ह्याचे तुकाराम ओंबळे पोलीस दलातले होते, त्यामुळे त्यांच्याबाबत हा वाद उद्भवत नाही; पण त्यांचे धैर्य कोणत्या परमवीरापेक्षा कमी होते, असे म्हणण्याची हिंमत कोणी करणार नाही.

मग टोकाचे शौर्य एवढ्यावरच सर्वोच्च सन्मान मिळावा काय? माझ्या मते शौर्य ही अट आवश्यक आहे, पण ती एकटी पुरत नाही. त्या शौर्याने सोबत्यांचे किंवा मोहिमेचे काय साधले, हेही पाहिले पाहिजे. कारवारजवळच्या चेंडिया गावचे, बॉम्बे सॅपर्स या लष्करी अभियंत्यांच्या दलाचे सेकंड लेफ्टनंट रामा राघोबा राणे यांचे उदाहरण मला यासाठी सर्वांत बोलके वाटते. 1948 च्या एप्रिलमध्ये जम्मू भागातल्या नौशेरा ते राजौरी या रस्त्यावर त्यांनी 8 ते 11 तारखेपर्यंत, जखमी असतानाही, माऱ्याखाली सुरुंग काढले आणि अडथळे हटवले, आणि त्यामुळे रणगाडे पुढे सरकू शकले. त्यांच्या पराक्रमात समोरासमोरची झुंज जवळजवळ नाहीच, उलट दिवसेंदिवस चाललेले चिकाटीचे तांत्रिक काम आहे. जिवंतपणी परमवीर चक्र मिळवणारे ते पहिले. आजवरच्या 21 परमवीरांपैकी 14 जणांना ते मरणोत्तर मिळाले, म्हणून मृत्यू ही जणू अटच आहे असे अनेकांना वाटते. पण उरलेले 7 जण जगले. (मेजर धनसिंग थापा यांचा सन्मान मरणोत्तर म्हणून जाहीर झाला आणि नंतर ते चीनच्या कैदेत जिवंत असल्याचे कळले.)

शिवाय पराक्रम कोणीतरी पाहिलेला असावा लागतो. शिफारस तुकडीच्या प्रमुखाकडून वर जाते आणि तिचा आधार साक्षीदारांची निवेदने हा असतो, त्यामुळे ज्या खंदकातून कोणीच परत आले नाही तिथले शौर्य कागदावर येणे अवघड होते. लडाखमधल्या रेझांग ला इथे 1962 च्या नोव्हेंबरमध्ये मेजर शैतान सिंग यांची कंपनी चिनी सैन्याशी कशी लढली, याची साक्ष बर्फ वितळल्यावर शस्त्रांसह सापडलेल्या जवानांच्या देहांनीही दिली. तशी साक्ष प्रत्येक ठाण्याच्या नशिबी नसते.

1999 च्या कारगिल युद्धानंतर एकही परमवीर चक्र दिले गेलेले नाही आणि अशोक चक्रे मात्र दिली जात राहिली, याचा अर्थ शौर्य आटले असा कोणी लावू नये. बदलले ते लढाईचे स्वरूप. परमवीर चक्रासाठी प्रादेशिक सेनेचे (टेरिटोरियल आर्मीचे) जवानही पात्र आहेत. त्यामुळे कोल्हापूरच्या टेंबलाईवाडीतल्या प्रादेशिक सेनेच्या तळावरून गेलेल्या जवानाने उद्या कोठे पराक्रम गाजवला, तर त्याच्या छातीवर जांभळी फीत येईल की हिरवी, हे त्याच्या समोर उभे असलेल्याला सरकार काय म्हणते यावरही ठरेल.