एसक्यूएल सर्व्हरचे लायसन्स: माणशी हिशेबापासून कोअरपर्यंत

वेब ॲप्लिकेशनसाठी डेटाबेस घ्यायचा म्हटले की आजही 'युजर किती?' असे आधी विचारले जाते. हा प्रश्न वेबच्या आधीचा आहे. ऑफिसात दहा-वीस पीसी आणि एक सर्व्हर अशी मांडणी असताना मायक्रोसॉफ्ट एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेस सॉफ्टवेअरचे पैसे सर्व्हरचे एक लायसन्स, शिवाय दर माणशी किंवा दर पीसीमागे एक 'कॅल' (क्लायंट ॲक्सेस लायसन्स, म्हणजे वापरण्याचा परवाना) असे लागत. वापरणारे सगळे ऑफिसातलेच, म्हणून मोजदाद सोपी होती.

वेबसाइटने ती अवघड केली. डेटाबेसला दिसते ते बहुधा वेब सर्व्हरचे एकच लॉगिन; पलीकडे दहा जण आहेत की दहा हजार, हे त्याला कळत नाही. म्हणून 'एकच कॅल पुरे' असा सोयीचा अर्थ आजही काढला जातो. तो साफ चुकीचा आहे. मध्ये वेब सर्व्हर असो वा कनेक्शन पूल (अनेकांनी आळीपाळीने वापरायची मोजकी कनेक्शने), मोजायची ती पलीकडची माणसे किंवा यंत्रे. हा मल्टिप्लेक्सिंगचा नियम खरेदीआधी वाचलाच पाहिजे.

अनोळखी पाहुणे मोजणार कसे? त्यावर एसक्यूएल सर्व्हर २००० मध्ये प्रोसेसरमागे लायसन्स आले: प्रोसेसरचे पैसे भरा, युजर मोजू नका. पुढे एका प्रोसेसरमध्ये अनेक कोअर (स्वतंत्रपणे काम करणारे भाग) आले, तरी २००४ मध्ये मायक्रोसॉफ्टने प्रोसेसरच मोजायचे ठरवले. वेबवाल्यांसाठी तो काळ स्वस्ताईचा.

२०१२ च्या आवृत्तीने तो संपवला. हिशेब कोअरवर गेला. एका कोअरची किंमत जुन्या प्रोसेसरच्या साधारण पाव ठेवली, त्यामुळे चार कोअरला फरक पडला नाही, आठ कोअरला खर्च दुप्पट झाला. किमान चार कोअर घेणेही सक्तीचे झाले. दोन कोअरच्या व्हर्च्युअल मशीनलासुद्धा (एका यंत्रात सॉफ्टवेअरने केलेल्या आभासी यंत्राला) चारचे पैसे पडतात. छोट्या साइटला हा नियम फार जाचतो. मोजक्या कर्मचाऱ्यांच्या हजेरीच्या ॲपला मात्र स्टँडर्ड एडिशन आणि कॅल हेच अजून परवडते.

छोट्यांसाठी फुकट एक्सप्रेस एडिशन होतीच: २००५ मध्ये दर डेटाबेसला ४ जीबीची मर्यादा, २००८ आर२ या आवृत्तीपासून १० जीबीची. २००८ मध्ये वेब एडिशनही आली, पण २०१२ पासून ती फक्त होस्टिंग कंपन्यांमार्फत मिळे. २०२५ च्या आवृत्तीत वेब एडिशन बंद झाली आणि एक्सप्रेसची मर्यादा ५० जीबी झाली.