हायवेकडेला घर: एनओसीचा घोळ आला कुठून

कोकणात रस्त्याकडेला घर किंवा गाळा बांधायचा तर ग्रामपंचायत, एनए (म्हणजे शेतजमीन बिगरशेती करून घेणं), टाउन प्लॅनिंग हे टप्पे सगळ्यांना पाठ आहेत, ते इथे परत लिहीत नाही. भांडण लागतं ते रस्तेवाल्यांच्या ना हरकत दाखल्यावर.

कायदा जुना आहे. मुंबई महामार्ग अधिनियम 1955 चा, त्यात हायवेच्या बाजूला दोन रेषा ठरवायची सोय झाली, इमारत रेषा आणि तिच्या पलीकडे नियंत्रण रेषा. पहिलीच्या आत नवीन बांधकाम नको, दोन्हींच्या मधे करायचं तर परवानगीने. हेतूत काही खोट नव्हती, रस्त्याला चिकटून दुकानांची रांग लागली की गाड्या रेंगाळतात आणि पुढे रुंदीकरण करायचं तर पाडापाडी आलीच. पण तेव्हा आपली चाकरमानी मंडळी मुंबईहून बोटीने यायची, त्यामुळे खाली गावात या रेषांची कोणाला फिकीर असायचं कारण नव्हतं.

गुंता झाला तो नंतर गावोगाव रस्ते आले तेव्हा. बैलगाडीची वाट होती ती श्रमदानातून नाहीतर रोजगार हमीतून रुंद झाली, जमीन दिली लोकांनी तोंडी संमतीवर, मोजणी नाही, मोबदला नाही, आणि कितीतरी ठिकाणी सातबारावर आजही तो रस्ता चढलेलाच नाही. मग गाडी सुरू झाली दर्जोन्नतीची. ग्रामीण मार्गाचा इतर जिल्हा मार्ग, त्याचा प्रमुख जिल्हा मार्ग, तिथून राज्यमार्ग. पुढाऱ्यांना हे हवंच असतं कारण वरचा दर्जा म्हणजे वरचा निधी, गावालाही डांबर मिळतं म्हणून कोणी हरकत घेत नाही. पण दर्जा वाढला की रेषासुद्धा मागे सरकतात, रस्ता जागच्या जागी आणि रेषा कोणाच्या तरी अंगणातून, गडग्याच्या म्हणजे दगडी कुंपणाच्याही आत. हे मालकाला कळतं कधी, तर मुलगा जुन्या घराच्या जागी स्लॅबचं घर बांधायला कागद घेऊन जातो तेव्हा.

आता खरा वादाचा मुद्दा. 2001 च्या शासन निर्णयात राष्ट्रीय महामार्गाला शहराबाहेर इमारत रेषा 40 मीटर आणि नियंत्रण रेषा 75 मीटर धरली आहे, आणि दोन्ही मोजायच्या रस्त्याच्या मध्यापासून. देशावर सपाटीला हे जमून जात असेल. आपल्याकडे एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला व्हाळ म्हणजे ओढा नाहीतर भातशेती, बांधायला सपाट जागा मिळते ती नेमकी रस्त्यालगतची पट्टी, आणि 40 मीटर मागे जा म्हटलं तर माणूस दरीत जाईल! त्यात चौपदरीकरण आलं. मुंबई-गोवा हायवे, जुना 17 नंबर, आताचा 66, त्याची रुंदी दोन्ही बाजूंना सारखी वाढलेली नाही, बऱ्याच ठिकाणी दोन नवीन लेन एकाच अंगाला घातल्या, वळणं काढून टाकली, म्हणजे मध्यच सरकला. एका बाजूचा माणूस काही न करता रेषेच्या आत आला आणि समोरचा काही न करता सुटला. मध्य म्हणजे जुन्या डांबराचा, नवीन डिव्हायडरचा की संपादन केलेल्या हद्दीचा, यावर एक इंजिनिअर एक सांगतो, त्याची बदली झाली की दुसरा दुसरंच सांगतो.

आणि पैशाची बाजू बघा. समजा रस्त्याची हद्द एकूण 45 मीटर रुंद आहे, म्हणजे मध्यापासून एका बाजूला साडेबावीस. संपादनाचा मोबदला मिळतो तो तेवढ्याचा. तिथून 40 मीटरपर्यंतचे साडेसतरा मीटर सातबारावर मालकाचेच, घरपट्टीही तोच भरतो, पण तिथे नवीन भिंत घालायची नाही. ज्याचं हॉटेल रुंदीकरणात गेलं आणि उरलेल्या तुकड्यावर तो परत उभं करायला बघतो त्याची अडचण ही. मोकळी जागा ठेवायलाच हवी हे मान्य, पण तिचा सगळा भार कडेच्या खातेदारावर टाकणं माझ्या मते तरी अन्याय आहे, आणि त्याच पट्ट्यात बिनकागदाच्या टपऱ्या निवांत उभ्या असतात हे वेगळंच.

नंतरच्या सवलतींनीही गोंधळ वाढवला. गावठाणाच्या हद्दीपासून 200 मीटरच्या आत एनएची वेगळी परवानगी लागत नाही हे कळल्यावर कित्येकांनी थेट जोते घातले, पण एनए माफ झालं म्हणून रस्त्याची रेषा माफ होत नाही. 2020 ला राज्यासाठी एकच बांधकाम नियमावली आली तरी या रेषा आपल्या जागी आहेत. हायवेवरून गेट काढायचं तर पोचमार्गाची परवानगी वेगळी, तिला 2002 चा केंद्राचा कायदा लागतो.

सध्या साइडपट्टी खोदायचा विषय गाजतोय. 2019 नंतर आलेल्या जलजीवन या नळपाणी योजनेची पाइपलाइन, इंटरनेटची केबल, दोन्हींना रस्ता खोदायची परवानगी आणि अनामत लागते, पावसाळ्यात खोदाई बंद. प्रत्यक्षात चर नीट न बुजवता कंत्राटदार निघून जातो, पहिल्याच पावसात एसटीचं चाक त्यात रुततं, आणि अनामत जप्त झाली का हे विचारायला गेलं की माहितीच्या अधिकारात अर्ज करा म्हणतात.