फॅटी लिव्हर आणि रोगप्रतिकारक पेशी

लिव्हरच्या ५ टक्क्यांहून जास्त पेशींत चरबी साठली की त्याला फॅटी लिव्हर म्हणतात. गोव्यात सोनोग्राफीच्या रिपोर्टवर 'ग्रेड वन' (म्हणजे सौम्य फॅटी लिव्हर) दिसलं की घरचे आधी विचारतात, फेणी घेतोस काय? पण वजन नि शुगर वाढलेली असली तर थेंबही न घेणाऱ्याला हे होतं. २०२३ मध्ये या दारूविना होणाऱ्या प्रकाराचं नाव बदलून एमएएसएलडी (चयापचय बिघडल्यानं होणारा फॅटी लिव्हर) केलं, आमच्या म्हापशात अजून फॅटी लिव्हरच चालतं.

नुसत्या चरबीवर पुष्कळ लोक वर्षानुवर्षं धडधाकट असतात, घोळ सुरू होतो तो सूज आल्यावर, आणि ती सूज आणण्यात मोठा हात आपल्याच इम्यून सेल्सचा. लिव्हरचे कायमचे रखवालदार म्हणजे कुप्फर पेशी. (नावाची गंमत अशी की १८७६ मध्ये कुप्फर या शरीरशास्त्रज्ञानं पाहिलेल्या ताऱ्यासारख्या पेशी बहुतेक वेगळ्याच होत्या, आज त्यांना स्टेलेट म्हणतात, नाव मात्र चिकटलं यांना!) लिव्हरचं सुमारे तीन चतुर्थांश रक्त आतड्याकडून येतं, त्यातून आलेला बॅक्टेरियांचा कचरा या पेशी गिळतात. आतड्याचं अस्तर गळकं झालं की कचरा वाढतो, त्यात चरबीनं फुगलेल्या पेशी मरायला लागतात, आणि मायक्रोस्कोपखाली बघितलं तर अशा मेलेल्या पेशीच्या चरबीच्या थेंबाभोवती मॅक्रोफेज (कचरा गिळणाऱ्या इम्यून पेशी, कुप्फरही त्यातल्याच) सांडलेल्या साखरेला मुंग्या लागाव्यात तशा गोल जमलेल्या दिसतात. कुप्फर पेशी टीएनएफसारखी सूज वाढवणारी रसायनं सोडतात, सीसीएल२ हे हाक मारणारं रसायन सोडून बोनमॅरोतल्या मोनोसाइट या पांढऱ्या पेशींना बोलावतात, मग जुने रखवालदार मरत जातात आणि त्यांच्या जागी मोनोसाइटपासून तयार झालेले हे नवे मॅक्रोफेज येऊन बसतात, ते जास्त तापट. सगळेच वाईट नाहीत हं, काही नवे मॅक्रोफेज साफसफाईही करतात. न्यूट्रोफिल आणि सीडी८ टी या इतर पांढऱ्या पेशीही सुजेत भर घालतात.

या गोंधळात स्टेलेट पेशी जाग्या होऊन कोलॅजनचे चिवट धागे विणायला लागतात, म्हणजे लिव्हरवर व्रण पडतो, त्यालाच फायब्रोसिस म्हणतात, आणि तो वाढत गेला की सिरॉसिस.

मग मोनोसाइटची वाटच अडवली तर? सेनिक्रिव्हिरॉक हे औषध तेवढ्यासाठीच होतं, पण उपयोग दिसेना म्हणून मोठी ट्रायल २०२१ मध्ये थांबवली. २०२४ मध्ये अमेरिकेत मंजूर झालेलं रेस्मेटिरोम वेगळ्या वाटेनं जातं, ते लिव्हरच्या पेशींतली चरबीच जाळायला लावतं. वजन ७ ते १० टक्के उतरलं तर सूज कमी होते, म्हणजे ८० किलोच्या माणसाला साधारण ६ ते ८ किलो, आणि रोज सकाळी पोदेर भोंपू वाजवत गरम पाव घेऊन दारात येतो तिथं हे ६ किलो भलतेच जड.