बशी उलटी करून बघा: 'निप्पॉन', 'जपान' आणि बुडावरच्या शिक्क्यामागची पार्श्वभूमी

जुन्या जपानी कपबश्या, फुलदाण्या गोळा करणारी मंडळी वस्तू समोरून बघायच्या आधी उलटी करतात. बुडावर काय लिहिलंय ते आधी, नक्षी नंतर. इंग्रजी अक्षरात 'निप्पॉन' (जपानचं जपानी भाषेतलं नाव) दिसलं की डोळे चमकतात, नुसतं 'जपान' असलं की "हं, नंतरचं आहे" म्हणून बाजूला. यात तथ्य किती आणि ऐकीव किती हे कळायला थोडं मागे जावं लागतं. फार मागे मी जाणार नाही, माझा जीव खरा १८७६ ते १९५२ च्या मालात अडकलेला आहे.

तरी आधीचं थोडक्यात सांगतो. १५९० च्या दशकात जपानने कोरियावर स्वाऱ्या केल्या आणि परतताना तिथले कुंभार धरून आणले. त्यांच्यापैकीच एकाला क्यूशू बेटावर आरिताजवळ पोर्सेलीनला, म्हणजे पांढऱ्याशुभ्र चिनीमातीला, लागणारा दगड सापडला असं सांगतात, परंपरेने साल १६१६. पुढे १६४४ ला चीनमध्ये मिंग राजवट कोसळली, तिथल्या भट्ट्यांची घडी विस्कटली, डच व्यापाऱ्यांना माल मिळेना, म्हणून ते आरिताकडे वळले आणि १६५९ मध्ये एकदम पन्नास हजारांच्या वर नगांची ऑर्डर गेली. माल बनायचा आरिताला पण बाहेर पडायचा शेजारच्या इमारी बंदरातून, म्हणून नाव पडलं 'इमारी'. आपण तरी काय, जपानी कपालाही चिनीमातीचाच म्हणतो.

क्यूशूच्याच दक्षिणेकडच्या 'सात्सुमा' प्रांताच्या नावाचं तेच. १८६७ च्या पॅरिसच्या प्रदर्शनात सात्सुमाच्या सरदाराने स्वतंत्र देश असल्यासारखा वेगळा मांडव घातला, त्यांची हस्तिदंती रंगाची, बारीक जाळीदार झिलईची, सोनं चढवलेली भांडी युरोपला आवडली, आणि मग क्योतो, योकोहामा, जिथे जमेल तिथे 'सात्सुमा' बनायला लागलं. सात्सुमात न बनलेलं सात्सुमाच बाजारात जास्त आहे.

आता माझ्या आवडीचा काळ. १८७६ ला फिलाडेल्फियात मोठं प्रदर्शन भरलं आणि अमेरिकन मध्यमवर्गाला जपानी वस्तूंचं वेड लागलं. साधारण तेव्हाच एका जपानी व्यापारी घराण्याने न्यू यॉर्कमध्ये दुकान टाकलं. सुरुवातीला हाताला येईल ते विकायचे, मग लक्षात आलं की चिनीमाती खपते, मग ठिकठिकाणचे रंगारी नागोयाला एकत्र आणले, कारण सेतो आणि मिनो हे कुंभारकामाचे पट्टे तिथून जवळ. १९०४ ला नागोयाजवळच्या नोरिताके गावात कारखाना उभा राहिला. त्यांची खरी डोकेदुखी काय होती तर डिनर प्लेट. कप जमत होते, फुलदाणी जमत होती, पण २५ सेंटिमीटरची सपाट ताटली भट्टीतून सपाट बाहेर येईना, मध्यभाग दबायचा नाहीतर फुगायचा. पूर्ण डिनर सेट निघायला १९१४ उजाडलं. दहा वर्षं एका ताटलीसाठी!

या काळातला माल हातात घेतला की आधी मोरिआगे जाणवतं. पातळ माती नळीतून पिळून भांड्यावर उठावदार नक्षी काढायची, आपल्याकडे मेंदीच्या कोनाने काढतात तशीच. ड्रॅगन असेल तर त्याच्या खवल्यांवरून बोट फिरवलं की एकेक टिंब लागतं. काही कपांच्या तळाशी तर काहीच दिसत नाही, पण उजेडाकडे धरला की पोर्सेलीनच्या जाड-पातळपणातून गेशाचा, म्हणजे जपानी कलावंतिणीचा, चेहरा उमटतो. पहिल्यांदा बघितलं तेव्हा चहा प्यायचाच राहून गेला.

आता बुडावरच्या शिक्क्याकडे येतो, कारण सगळा गोंधळ तिथेच आहे.

१८९० ला अमेरिकेने एक जकात कायदा केला. बाहेरच्या मालावर भरमसाट कर, आणि एक कलम असं की १ मार्च १८९१ पासून येणाऱ्या मालावर तो कुठल्या देशाचा आहे ते वाचता येईल अशा इंग्रजी शब्दांत लिहिलेलं पाहिजे. त्याआधीच्या जपानी वस्तूंवर एकतर काहीच नसायचं किंवा जपानी अक्षरांत कारागिराचं, भट्टीचं नाव. आता जपानी निर्यातदारांनी देशाचं नाव काय लिहिलं? 'निप्पॉन'. रोमन लिपीत, पण स्वतःच्या भाषेतलं. आणि अमेरिकन कस्टम्सने ते चालवून घेतलं, थोडंथोडकं नाही, तीस वर्षं.

मग १९२१ ला कस्टम्सच्या वरच्या खात्याला साक्षात्कार झाला. त्यांनी शब्दकोश काढले, जाणकारांची मतं बघितली आणि निकाल दिला की 'निप्पॉन' हा जपानी शब्द आहे, त्याला इंग्रजी शब्द 'जपान', आणि हा शब्द इंग्रजीत रुळलाय हे आधीचं म्हणणं टिकत नाही. यापुढे 'निप्पॉन' चालणार नाही. झालं, शिक्के बदलले. तोच कारखाना, तीच भट्टी, तेच रंगारी, बहुधा तीच गुलाबाची फुलं, फक्त बुडावरचा एक शब्द बदलला.

मला हा निर्णय अजून पटत नाही. आदल्या दिवशीपर्यंत जो शब्द तुमच्याच कारकुनाला कळत होता तो दुसऱ्या दिवशी परका कसा होतो? कायद्याचा हेतू गिऱ्हाईकाला माल कुठला ते कळावं एवढाच होता, आणि ते तर कळत होतंच. कायद्याच्या अक्षरात बघितलं तर त्यांचं बरोबरही असेल, "इंग्रजी शब्दांत" असंच लिहिलेलं होतं, पण मग पहिल्याच दिवशी अडवायचं होतं ना. काहीजण म्हणतात त्या सुमाराला अमेरिकेत जपान्यांविषयी कडवटपणा वाढत होता, त्याचा वास याला येतो. तसा थेट पुरावा माझ्यासमोर नाही, म्हणून ते तिथेच सोडतो. पण परिणाम बघा. एका सरकारी कागदाने आजच्या संग्राहकांसाठी एक कप्पा तयार करून ठेवला. १८९१ ते १९२१ म्हणजे 'निप्पॉन', पुढचं ते 'जपान'. ना कलेचं युग बदललं ना तंत्र बदललं, बदलला तो नियम, आणि आपण त्याला काळ म्हणतो.

याच्यातून दोन गैरसमज फार पसरलेत. एक म्हणजे शिक्का नाही म्हणजे १८९१ च्या आधीचं. असं काही नाही हो, कायद्यात लेबल लावायचीही सोय होती, कागदाचं लेबल पहिल्याच धुण्यात गेलं, आणि सहा कपांच्या सेटमध्ये शिक्का कधी दोनच नगांवर असायचा. दुसरा गैरसमज 'दाई निप्पॉन'चा. जपानी चित्रलिपीत 'महान जपान' अशा अर्थाची अक्षरं मेजी काळातल्या (१८६८ ते १९१२) बऱ्याच वस्तूंवर असतात, विकणारा ती वाचून घेतो आणि "निप्पॉन आहे साहेब" म्हणून खपवतो. त्याचा अमेरिकन कायद्याशी काडीचा संबंध नाही, ती वेगळी परंपरा, वेगळं गिऱ्हाईक.

आणि आपल्याकडच्या लोकांसाठी तिसरी गोष्ट, जी मला स्वतःला फार उशिरा उमगली. अमेरिकेचा कायदा मुंबई बंदराला लागू नव्हता. १८९३ ला कोबे ते मुंबई अशी जपानी बोटींची नियमित फेरी सुरू झाली ती मुख्यतः इथला कापूस तिकडे न्यायला. तिकडून येणाऱ्या मालात काड्यापेट्या, काचसामान, चिनीमाती असं सगळं यायला लागलं. तेव्हा कुणाच्या आजीच्या फडताळात बिनशिक्क्याची जपानी बशी निघाली तर अमेरिकन पुस्तकातला तक्ता तिला लावण्यात अर्थ नाही. मी लावत होतो, पाचेक वर्षं.

मुंबईचा विषय निघालाच आहे तर टाइल्सचं सांगतो, थोडं विषयांतर होईल. १९२०-३० च्या दशकांत जपानमधून उठावाच्या रंगीत मजोलिका टाइल्स भारतात भरपूर आल्या. मूळ फॅशन इंग्लंडची, जपान्यांनी ती उचलून स्वस्तात दिली. गंमत म्हणजे त्यात खास आपल्यासाठी कृष्ण, लक्ष्मी, सरस्वतीच्या टाइल्स आहेत, आणि चित्रं बघितली तर लोणावळ्याजवळच्या मळवलीच्या रविवर्मा छापखान्यातून घराघरात गेलेल्या देवादिकांच्या तसबिरी लगेच आठवतात. म्हणजे चित्र इथलं, भाजलं जपानात, आणि परत येऊन बसलं इथल्या भिंतीवर. पाठीवर 'मेड इन जपान'. जुनं घर पाडताना या टाइल्स टिकावाने फोडून राडारोड्यात जातात हे बघवत नाही.

श्रीमंतांचा नाद वेगळा होता. मुंबईच्या मोठ्या वस्तुसंग्रहालयातल्या चिनी-जपानी वस्तूंचा मोठा भाग एका उद्योगपती घराण्यातल्या दोन भावांच्या संग्रहातून आला, एकाचा १९२१ ला, दुसऱ्याचा १९३३ ला. पुन्हा १९२१, हा मात्र निव्वळ योगायोग. खुद्द जपानात त्याच दशकात उलटं वारं सुटलं होतं, काही विचारवंत मंडळी म्हणायला लागली की निर्यातीची सोनेरी भांडी सोडा, शेतकऱ्याच्या घरातला लोणच्याचा रांजण बघा, खरं सौंदर्य तिथे आहे, आणि १९३६ ला तोक्योत लोककलेचं संग्रहालयही निघालं. त्या मालावर शिक्काबिक्का काही नसतो. मला त्यातलं कळत नाही, पुढे जातो.

मग युद्ध, व्यापार बंद. १९४७ ला निर्यात पुन्हा सुरू झाली तेव्हा देश अमेरिकन ताब्यात होता आणि मालावर 'मेड इन ऑक्युपाइड जपान' लिहायची सक्ती आली. नोरिताकेच्या कारखान्याला आपला माल पूर्वीच्या दर्जाचा नाही हे माहीत होतं, त्यांनी स्वतःचं नाव न वापरता 'रोझ चायना' (इथे चायना म्हणजे चिनीमाती) असा वेगळा शिक्का मारला. असा स्वाभिमान मला आवडतो. १९४९ च्या अखेरीस सक्ती सैल झाली, नुसतं 'जपान' लिहिलं तरी चालायला लागलं, आणि एप्रिल १९५२ ला ताबा संपला. म्हणजे नुसता 'जपान' शिक्का १९२१ नंतर युद्धापर्यंतचाही असू शकतो आणि १९४९ नंतरचाही. इथे शिक्का बाजूला ठेवून माल बघावा लागतो. बुडाचं उघडं कडं किती घासलंय, सोनं हाताच्या वापराने कुठे उडालंय, कड्यावर झिलई कशी थांबलीय, तेच खरं.

गोळा करायचा नाद या मालाला लागला तो १९७० च्या दशकात, अमेरिकेत. तोवर ती आजीची अडगळ होती. शिक्क्यांच्या याद्या छापून पुस्तकं आली, त्यावरून भाव ठरायला लागले, आणि भाव ठरले की नकला आल्याच. 'ऑक्युपाइड जपान'चे खोटे शिक्के झिलईच्या वर रबरी छापाने मारतात, नेलपॉलिश काढायच्या पाण्याने पुसले जातात. 'निप्पॉन'च्या नकला जास्त चलाख. १९२१ च्या निकालाने तो शब्द देशाचं नाव म्हणून बाद केला होता ना, मग चीनमध्ये बनलेल्या फुलदाणीच्या बुडाला भाजून पक्का 'निप्पॉन' छापायचा, आणि कस्टम्ससाठी वर 'चायना' असं कागदी लेबल चिकटवायचं. कस्टम्स पार झालं की लेबल नखाने सोललं, झालं अँटिक.

असलीच एक माझ्याकडे आहे. चोरबाजारात एका दुकानात घासाघीस करून सातशेला घेतली, हिरवा शिक्का, पानांचं गोल वेटोळं, खाली 'हँड पेंटेड निप्पॉन'. महिनाभर आल्यागेल्याला दाखवली. मग एका जाणत्या गृहस्थांनी भिंग दिलं आणि म्हणाले, वेटोळ्याच्या आत काय आहे नीट बघा. खऱ्या शिक्क्यात तिथे इंग्रजी 'एम' असतो. माझ्या फुलदाणीवर वाळूचं घड्याळ होतं. शिवाय हाताला जड, सोनं पितळेसारखं भडक, बुडाचं कडं एकदम कोरं. हे सगळं मला आधी दिसत होतंच की, पण मी शिक्का वाचत बसलो होतो.

आपल्याकडच्या १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात शंभर वर्षांचं माप आहे, तेवढी जुनी कलावस्तू देशाबाहेर नेता येत नाही. 'निप्पॉन' शिक्क्याचा खरा सगळा माल २०२१ ला ती शंभरी ओलांडून गेला. माझी फुलदाणी मात्र कधीही खुशाल विमानात नेता येईल. सध्या तिच्यात लाटणं आणि दोन झारे उभे असतात.